बेबीताईंचं झाड आणि केरबाची उडी

एका जंगलात एक तणमोर राहत होता.

थांबा. खोटं बोललो. ते जंगल नव्हतं, माळ होता. नुसतं गवत. पण बाळांनो, 'एका माळावर' अशी सुरुवात केली की तुम्ही जांभया देता. मागच्या खेपेला दोघं पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. म्हणून जंगल म्हटलं. आता बसलाच आहात तर ऐका, आणि मागच्यांनो, ते चिवड्याचं पुडकं आधी खाली ठेवा.

तणमोर म्हणजे मोर नव्हे. कोंबडीएवढा पक्षी. पिसारा नाही की काही नाही. पावसाळ्यात त्याचा नर काळाभोर होतो आणि उड्या मारतो. गवतातनं सरळ वर, पुन्हा खाली. पुन्हा वर. दिवसातनं तीन-चारशे वेळा. तुम्ही म्हणाल, डोकं फिरलंय का त्याचं? नाही फिरलेलं. गवत उंच, तणमोर बुटका. उडी मारल्याशिवाय तो बायकोला दिसणार कसा?

आपल्या तणमोराचं नाव केरबा. त्याच्या बायकोचं नाव हौसा. केरबा उड्या मारायचा आणि हौसा गवतातनं त्याच्याकडे बघायची. दोघांचं बरं चाललं होतं. पण दोन वर्षं झाली, हौसानं अंडी घातली नव्हती.

"काय गं, रुसलीस का?" केरबानं विचारलं.

"तुमच्यावर कशाला रुसू? त्या बाभळी बघा की," हौसा म्हणाली.

माळावर वेडी बाभूळ शिरली होती. कुठून आली कोण जाणे. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या, माळभर लेंड्या टाकल्या, आणि जिथं लेंडी तिथं बाभूळ उगवली. तिच्याखाली गवत धरत नाही. आणि तिच्या शेंड्यावर शिक्रा येऊन बसतो. शिक्रा म्हणजे पक्ष्यांवर झडप घालणारा पक्षी, वाईट जात.

"जिथं झाड, तिथं शिक्रा," हौसा म्हणाली. "आणि जिथं शिक्रा, तिथं मी अंडी घालणार नाही. आधी मला उघडं आभाळ द्या, मग पिल्लं मागा."

तिचं चुकत नव्हतं. त्या माळावर तणमोरांची ही एवढी एकच जोडी उरली होती. ह्या दोघांना पिल्लं झाली नाहीत तर पुढं उडी मारायला कोणी नव्हतं आणि बघायलाही कोणी नव्हतं.

शेजारी दिनू ससा राहायचा. तुम्हाला वाटलं असेल, आता लबाड कोल्हा येणार. नाही. कोल्ह्यांनी कधी कुणाचं एवढं नुकसान केलेलं नाही. दिनू ससा अतिशय सज्जन होता. दुसऱ्याचं दुःख ऐकलं की त्याचे कान खाली पडायचे.

"वहिनी, काळजी करू नका," दिनू म्हणाला. "रानडुकरांना सांगून सगळ्या बाभळी मुळासकट उपटून टाकू. मग पावसाळाभर माळावर कुणी पाऊल टाकायचं नाही. गवत आपोआप येईल."

"एवढंच?"

"एवढंच. फक्त डुकरांना चणे द्यावे लागतील. चणे मी आणतो."

दिनू शहरात गेला. तिथं रावसाहेब नावाचा शर्यतीतनं निवृत्त झालेला घोडा होता. तबेल्यात पंखा, पायाशी मऊ भुसा, आणि खाऊन उरतील एवढे चणे. दिनूनं त्याला केरबाची गोष्ट सांगितली. रावसाहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं एक पोतं चणे दिले.

डुकरांनी चार दिवसांत अर्ध्या माळावरच्या बाभळी उपटून बांधावर फेकल्या. चणे संपले, डुकरं गेली. पाऊस झाला. अर्ध्या माळावर छातीएवढं गवत आलं. हौसानं दोन-तीन जागा बघून ठेवल्या. यंदा उशीर झाला, म्हणाली, पण पुढच्या साली नक्की.

गोष्ट इथंच संपली असती. पण उरलेला अर्धा माळ बाकी होता, म्हणजे आणखी चणे लागणार होते. म्हणून दिनूनं रावसाहेबाला माळ बघायला बोलावलं. इथं घोटाळा झाला.

रावसाहेब आला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"कुठं आहे?"

"काय?" दिनूनं विचारलं.

"माझं काम. माझ्या चण्यांचं काय केलंत?"

"हे काय समोर! इथं बाभळी होत्या, त्या आता नाहीत."

"आणि आता काय आहे?"

"गवत."

रावसाहेबानं एक घास तोडला, चावला, आणि थुंकला. त्याच्या शेपटीत कुसळं अडकली होती. "अहो ससे," तो म्हणाला, "म्हणजे एक पोतं चणे देऊन मी एक रिकामी जागा विकत घेतली? माझ्या मित्रांना काय दाखवू? इथं काही नाही, ते मी केलं, असं सांगू?"

तो निघून गेला. दिनूचे कान खाली पडले ते आठवडाभर वर आले नाहीत.

तेवढ्यात आली कुमुद साळुंकी. हिचं अर्धं आयुष्य शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या खिडकीत गेलेलं. कोण काय खातो, कशानं हसतो, ताटात काय टाकून उठतो, हे तिला तोंडपाठ. शिवाय ती चार आवाजांत बोलायची.

"दिनूसाहेब, तुमची दानत चांगली आहे, पण तुम्हाला काही कळत नाही," ती म्हणाली. "देणगीदाराला काढलेली वस्तू दाखवायची नसते. लावलेली दाखवायची असते. काढलेल्या बाभळीवर पाटी लावता येते का?"

"नाही."

"झाडाला लावता येते?"

"येते. पण बाई, इथं झाडं नकोच आहेत. झाडं नकोत म्हणून तर हे सगळं…"

"तुम्हाला चणे हवेत ना?"

दिनू गप्प बसला. बाळांनो, जगातली बरीच कामं अशा गप्प बसण्यातनं उभी राहिली आहेत.

मंडळ स्थापन झालं. 'माळ वाचवा मंडळ' हे नाव कुमुदला पसंत पडेना. माळ म्हटलं की डोळ्यांसमोर उन्हाळा येतो, म्हणाली. मग 'हिरवी माया मंडळ' असं ठरलं. योजना सोपी होती. एक पोतं चणे द्या, तुमच्या नावाचं एक झाड लागेल. पुढं पाटी. पाटीवर तुमचं नाव, खाली तुमच्या आईचं नाव, जागा उरली तर झाडाचं नाव.

चणे आले! शहरातल्या कुत्र्यांनी दिले, बोक्यांनी दिले, पिंजऱ्यातल्या पोपटांनी दिले. रावसाहेब परत आला आणि त्यानं दोन झाडं घेतली, एक स्वतःचं आणि एक ज्या घोडीशी लग्न जमलं नाही तिच्या नावाचं. मोकळ्या केलेल्या माळावर खड्डे पडले. वड लावले, पिंपळ लावले, आंबे लावले. गवताच्या मधोमध लावले, कारण कडेला लावलेलं झाड फोटोत येत नाही.

केरबानं एका खड्ड्यात डोकावून बघितलं. "दिनूभाऊ, हे काय चाललंय?"

"तात्पुरतं आहे रे. चणे जमू देत. मग उरलेल्या अर्ध्या माळावरच्या बाभळी काढू."

"आणि ही झाडं?"

"तू काळजी करू नकोस. इथं खाली खडक आहे. वीतभर माती. एकही जगणार नाही." असं बोलताना बिचाऱ्याचा चेहरा चांगला खुलला होता.

आणि खरोखर एकही जगलं नाही. फाल्गुनात सगळी झाडं वाळून काटक्या झाल्या. दिनूनं सुटकेचा निःश्वास टाकला. पण कुमुद धावत आली. "साहेब, मेळावा ठरलाय! श्रावणात सगळे देणगीदार आपापलं झाड बघायला येणार. वाळक्या काटकीसमोर रावसाहेबाला उभा करणार का तुम्ही?"

दिनूनं माळभर येरझारा घातल्या. शेवटी रंगा डुक्कर, जो बाभळी उपटणाऱ्यांचा मुकादम होता, त्यानं तोंड उघडलं.

"साहेब, गेल्या साली आम्ही उपटली ती रोपं बांधावर पडल्यात. जित्ती हायेत अजून. वेडीला मरान न्हाई. सांगा, तीच लावतो पाट्यांम्होरं. दोन म्हयन्यांत डोक्याएवढी करून दावतो."

दिनूनं दोन्ही कान डोळ्यांवर ओढले. "लाव," तो म्हणाला.

तर बाळांनो, ज्या डुकरांनी एक पोतं चणे खाऊन बाभळी उपटल्या, त्यांनीच तीन पोती चणे खाऊन त्याच बाभळी परत लावल्या. वर पाणी घातलं. आळी केली. बाभळीला जन्मात कुणी आळं केलं नव्हतं. ती अशी माजली म्हणता, की आषाढात पाट्या दिसेनात आणि खास दोन डुकरं पाट्यांपुढची फांदी तोडायला ठेवावी लागली.

हसू नका. तुमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर एकदा फिरून या, मग हसा.

आता सगळ्यात मोठी देणगीदार राहिली. बेबीताई.

बेबीताई म्हणजे पर्शियन मांजर. बंगल्यात राहायच्या. पांढरा केसाळ अंगरखा, चपटं नाक, आणि नजर अशी मायाळू की समोरच्याला उगाच अपराधी वाटावं. त्या दर महिन्याला पोती पाठवायच्या. पण त्यांना नुसतं झाड पुरेना. त्यांना कुणीतरी जिवंत हवं होतं.

"मला पक्षी फार आवडतात," त्या कुमुदला म्हणाल्या.

म्हणून कुमुदनं दत्तक योजना काढली आणि केरबा बेबीताईंना दत्तक गेला. केरबाला विचारलं नाही. दर आठवड्याला त्याच्या नावानं पत्र जायचं. पत्र कुमुद लिहायची. 'प्रिय बेबीआई, तुझ्या कृपेनं माझी प्रकृती उत्तम आहे. आज मी तुझ्यासाठी एकशे अकरा उड्या मारल्या.' एक पत्र हौसाच्या हाती लागलं.

"अहो," ती केरबाला म्हणाली, "तुमची आई मांजर कधीपासून झाली?"

"मला काय ठाऊक! दिनूभाऊ म्हणतो, तिच्या जिवावर आपला माळ चाललाय."

"तिला पक्षी आवडतात म्हणे. कसे आवडतात ते कुणी विचारलं का? रस्सा करून की सुके?"

तेव्हा हौसानं त्याला खरी बातमी सांगितली. माळावर गवताचा एकच तुकडा उरला होता, दोन गुंठ्यांचा. मेळाव्यात केरबाची उडी दाखवायची होती, आणि उडी गवताशिवाय शोभत नाही, म्हणून कुमुदनं तो ठेवला होता. त्या दोन गुंठ्यांत हौसानं तीन अंडी घातली होती.

केरबानं आनंदानं जी उडी मारली ती त्या साली सगळ्यात उंच होती. आणि खाली येता येताच त्याला रडू फुटलं, कारण वरून त्याला चारी बाजूंना बाभळी दिसल्या, आणि मांडवाचे बांबू घेऊन येणारी डुकरं दिसली.

हौसा तडक दिनूकडे गेली. "भावोजी, एकवीस दिवस. एकवीस दिवस त्या गवतात कुणी येता कामा नये. मग आम्ही आमचं बघू. तीन वर्षं मी वाट बघितलीय. ही तीन गेली तर माझ्यानं पुन्हा होणार नाही."

दिनूचे डोळे भरून आले. "वहिनी, माझा शब्द आहे. त्या गवताला कुणी हात लावणार नाही."

त्यानं मनापासून सांगितलं. तो सगळं मनापासूनच सांगायचा, हीच तर पंचाईत होती.

श्रावणात मेळावा झाला. हौसा अंड्यांवर बसल्याचा तो दहावा दिवस. मांडव पडला, सतरंज्या अंथरल्या. प्रत्येक देणगीदाराला शाल आणि नारळ दिला. घोड्यानं नारळाचं काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही, पण रावसाहेब खूश दिसला. प्रत्येकजण आपापल्या पाटीपुढं उभा राहून फोटो काढत होता.

"हा माझा वड का?" रावसाहेबानं विचारलं.

"लहान आहे अजून," कुमुद म्हणाली.

"वडाला काटे असतात?"

"लहानपणी असतात. मोठं झाल्यावर जातात."

मग बेबीताई उठल्या. भाषण झालं. त्यात 'माझा केरू' हे शब्द सोळा वेळा आले. शेवटी त्या म्हणाल्या, "मला आज माझं झाड माझ्या स्वतःच्या हातांनी लावायचंय. आणि कुठं लावायचं तेही मीच ठरवलंय." त्यांनी पंजा उचलला आणि नेमका त्या दोन गुंठ्यांकडे केला. "तिकडं. तिथली माती मऊ दिसते. शिवाय तिथनं काहीतरी इतका छान वास येतोय!"

दिनू खुर्चीतनं उठला. "बेबीताई, तिथं नको."

"का हो?"

सगळे बघायला लागले. रंगा डुक्कर पहार घेऊन तयार. कुमुद डोळे वटारून तयार. मांडवाच्या मागं पुढच्या वर्षाच्या पोत्यांची थप्पी लागली होती. दिनूला सांगायचं होतं, तिथं अंडी आहेत. पण मांजराला ते कसं सांगायचं? आणि न सांगता थांबवायचं कसं?

"तिथं… तिथं कुसळं आहेत," तो म्हणाला.

"इश्श! निसर्ग म्हटल्यावर कुसळं असायचीच," असं म्हणून बेबीताई गवतात शिरल्या.

आत हौसा बसलेली होती. तिनं मांजर येताना बघितलं आणि ती हलली नाही. पिसं दाबून, मान जमिनीला टेकवून अंड्यांवर तशीच राहिली. मला विचाराल तर त्या अख्ख्या मंडळात माळ वाचवणारी तेवढी एकटीच होती.

बेबीताईंचं नाक जमिनीला लागलं. मिश्या पुढं झाल्या. त्यांची चाल बदलली. सभेला चाललेली बाई अचानक स्वयंपाकघरात शिरल्यासारखी दिसायला लागली. तीन हात. दोन हात.

आणि केरबानं उडी मारली.

बरोब्बर त्यांच्या नाकासमोर. बेबीताईंनी वर बघितलं. केरबा खाली आला, दोन पावलं मागं पळाला आणि पुन्हा उडाला. बेबीताईंच्या शेपटीचं टोक हललं. मांडवात टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला.

"केरू!" बेबीताई म्हणाल्या, आणि त्यांनी झेप घेतली.

केरबा उडाला. बेबीताई उडाल्या. तो पळाला, त्या पळाल्या. गवतातनं बाहेर, सतरंजीवरनं, रावसाहेबाच्या पायांतनं. एकदा त्यांचा पंजा बसला आणि केरबाची शेपटीची चार पिसं हवेत गेली. टाळ्या आणखी वाढल्या. केरबा ओरडला नाही. तो सरळ पाट्यांच्या दिशेनं सुटला, बाभळींच्या दाटीत घुसला, खालनं वाकून पलीकडे निघाला. तो कोंबडीएवढा. बेबीताई तशा नव्हत्या.

त्या अडकल्या. अंगरख्याचा एकेक केस एकेका काट्यात. पुढं जाता येईना, मागं येता येईना. डोक्यावर पाटी लोंबत होती, आणि पाटी कुणाची? त्यांचीच. गेल्या साली लावलेला आंबा.

मांडवातल्या टाळ्या थांबल्या. दिनूनं डोळे मिटून घेतले. झालं, तो मनात म्हणाला, मंडळ बुडालं.

रंगानं आणि त्याच्या माणसांनी एकेक काटा काढून बेबीताईंना सोडवलं. अर्धे केस बाभळीला राहिले. त्या उभ्या राहिल्या, धापा टाकत होत्या, मिशीला केरबाचं पीस चिकटलं होतं. त्यांनी ते जिभेनं हळूच आत घेतलं.

"अहाहा!" त्या म्हणाल्या. "सात वर्षं मी बंगल्यात आहे. रोज बशीत मिळतं. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता! हे खरं निसर्गाशी नातं! पुढच्या वर्षी दुप्पट पोती पाठवीन. फक्त हा कार्यक्रम ठेवा हं."

शहर टाळ्या वाजवत उठलं. आनंदाच्या भरात झाड लावायचं सगळे विसरले. सगळ्यांना आता दत्तक हवा होता, आणि सगळ्यांना पाठलाग हवा होता.

संध्याकाळी दिनू गवताच्या काठाशी आला. आत पाऊल टाकायची त्याची हिंमत होईना.

"वहिनी," तो बाहेरूनच म्हणाला, "शब्द दिला होता, पाळता आला नाही. वाटेल ते बोला."

"काय बोलू, भावोजी?" हौसा म्हणाली. "तुमच्या मनात पाप असतं तर बोलले असते. पाप नाही, म्हणून तर तुमच्यापासनं पळून जायची वेळ आली. वाईट प्राणी एकदा येतो, मारतो नाहीतर हाकलला जातो. तुम्ही रोज येता आणि डोळ्यांत पाणी घेऊन येता."

दिनू रडला. ती रडली नाही, तिला अंडी होती.

मेळाव्यानंतर अकराव्या दिवशी तिन्ही अंडी फुटली. तणमोराची पिल्लं जन्मली की लगेच चालतात, नशीब त्यांचं. एक दिवस थांबून, पुढं शेपटीविना केरबा, मागं हौसा आणि मधे तीन पिल्लं अशी वरात निघाली. शिक्र्यानं बाभळीवरनं बघितलं, पण नेमकं तेव्हाच दिनू उघड्यावर आला आणि माळभर वेड्यासारखा धावत सुटला. शिक्रा त्याच्या मागं लागला. एका कानाचा तुकडा गेला दिनूचा. मंडळाच्या कुठल्याही अहवालात ह्याची नोंद नाही, आणि माझ्या मते त्यानं केलेलं पहिलं काम हेच.

ते कुटुंब दुसऱ्या एका माळावर गेलं. ओबडधोबड, खडकाळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिथं गवत होतं आणि बाभळीची थोडी रोपं नुकती डोकं काढत होती.

सहा महिन्यांनी दिनू माग काढत तिथं पोचला. सोबत रंगा डुक्कर आणि चार पोती चणे.

हौसानं पंख पसरून वाट अडवली. "पाटी आणलीत?"

"नाही."

"बाई आणलीत, आवाज बदलणारी?"

"नाही, वहिनी. ती तिकडं जुन्या माळावर आहे. तिथं आता मेळावे होतात, दर महिन्याला. देणगीदार तिकडं झाडं लावतात, वाळली की बाभळी लावतात, टाळ्या वाजवतात आणि खूश होऊन चणे देतात. ते चणे घेऊन आम्ही इकडं आलो. बाभळी उपटतो आणि जातो. कुणाला सांगत नाही."

"आणि त्या बाईंचा केरू?"

दिनू जरा लाजला. "बाजी नावाचा गावठी कोंबडा ठेवलाय. काळा रंग लावला. उड्या बऱ्या मारतो. आणि बेबीताई जवळ आल्या की चोच मारतो. त्या म्हणतात, माझ्या केरूनं काय बाळसं धरलंय आणि किती लडिवाळ झालाय!"

हौसानं पंख मिटले. मग पहिल्यांदा ती हसली. "या आत," ती म्हणाली, "पण गवत तुडवू नका."

जुन्या माळाचं म्हणाल तर तिथं आता बाभळीच बाभळी. आत शिरता येत नाही, गवताची काडी नाही, पक्षी एकच, तो शिक्रा. त्या माळाला गेल्या वर्षी 'सर्वांत हिरवा माळ' म्हणून बक्षीस मिळालं. म्हणजे बघा, मी सुरुवातीला 'एका जंगलात' म्हटलं, ते अगदीच काही खोटं नव्हतं. गोष्ट संपेपर्यंत देणगीदारांनी ते खरं करून दाखवलं.

आणि तो दुसरा माळ कुठं आहे? मला ठाऊक आहे. परवाच बघून आलो. तीन पिल्लांतला थोरला उड्या मारायला लागलाय. पण सांगणार नाही. तुम्ही चांगल्या घरची मुलं आहात, लगेच मदत करायला निघाल.

तात्पर्य: चांगलं काम जरूर करावं, पण ते कुठं चाललंय हे चांगल्या माणसांना कळू देऊ नये. त्यांच्यासाठी वेगळी जागा ठेवलेली आहे. खड्डे तयार आहेत, पाटीवर नाव तेवढं सांगा.